गंगेला मिळण्याआधी

मावसबहिणीचं सामान सासरहून परत आलं त्या दुपारी मी इंदिरानगरला मावशीकडेच होते. छोटा हत्ती गल्लीच्या तोंडाशी आला तशी मावशीने ड्रायव्हरला हातानेच खुणावलं, मागच्या बाजूने घे, पुढून नको. दोनची वेळ तिने मुद्दाम सांगितली होती. कॉलनीतली माणसं तेव्हा जेवून आडवी झालेली असतात. कपाट उतरलं, शिलाई मशीन उतरलं, दोन सुटकेस, गाद्या, आणि पोत्यात बांधलेली भांडी. सहा वर्षांपूर्वी हेच सगळं गेलं होतं ते रुखवताच्या टेबलावरून, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवून.

हमालाचे पैसे देऊन झाल्यावर मावशी ओट्याला टेकली आणि म्हणाली, "जाऊ दे गं. झालं गेलं गंगेला मिळालं."

बहीण काही बोलली नाही. तिने पोत्याची सुतळी सोडली आणि यादी हातात धरून भांडी मोजायला बसली.

आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. 'गंगेवर जाऊन येते' म्हणजे पंचवटीत, घाटावर. त्यामुळे ही म्हण आमच्या तोंडात फार सहज येते. पण ज्या गावात रामकुंड आहे त्या गावाला तरी ठाऊक असायला हवं की गंगेला आपोआप काही मिळत नसतं. ते कुणीतरी तिथपर्यंत न्यावं लागतं. महाराष्ट्रातल्या कुठल्या कुठल्या गावांहून माणसं रोज अस्थी घेऊन रामकुंडावर येतात. रात्रभर गाडी चालवून आलेली असतात, डोळे तांबारलेले असतात. सहसा कुणी एकटं येत नाही. गुरुजी नाव विचारतात, गोत्र विचारतात, तुम्ही त्यांचे कोण म्हणून विचारतात. मग अस्थिविलय तीर्थात हात रिकामा होतो.

दहाव्याचं तर मी लहानपणापासून बघत आले आहे. पिंड ठेवून सगळे मागे सरतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवेना की कुजबुज सुरू होते. काय राहिलं असेल मनात? मग कुणीतरी दोन पावलं पुढे होतं आणि मोठ्याने सांगतं, "धाकटीचं लग्न मी करून देईन." किंवा, "विहिरीचं काम अर्धं राहिलंय ते पुरं करू." कावळ्याला यातलं काय कळतं हा प्रश्न माझ्यापुरता महत्त्वाचा नाही. सोडायचं असेल तर राहिलेलं काय आहे ते दहा माणसांसमोर बोलून दाखवावं लागतं आणि कुणीतरी ते अंगावर घ्यावं लागतं, हे या माणसांना पिढ्यानपिढ्या कळलेलं आहे. ज्या घरात माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते. तेराव्या-चौदाव्याला गोड जेवण होतं. पहिल्या सणाला नातेवाईक हाताला धरून घेऊन जातात. दुःख कधी करायचं आणि कधीपासून पुन्हा सणवार करायचे, याची सगळ्यांना ठाऊक असलेली एक वाट आहे.

मावशीच्या घरी त्या आठवड्यात कुणी पिठलं-भाकरी आणली नाही. आणणार कशी, मागच्या दाराने आलेलं दुःख कुणाला दिसणार?

मला म्हणायचं आहे ते एवढंच. संसार मोडलेल्या माणसाला आपण एका तोंडाने 'विसर आता, पुढे जा' म्हणतो आणि पुढे जायला जे लागतं त्यातलं काहीच देत नाही. त्याला वेळ हवा असतो, साक्षीदार हवे असतात, देण्याघेण्याचा हिशेब पुरा व्हायला हवा असतो, आणि हे सगळं झाल्यावर 'झालं, आता तू मोकळी' असं चारचौघांनी म्हणायला हवं असतं. हे काम एकट्या माणसाच्या मनोबलावर टाकून आपण नामानिराळे राहतो. हा समाजाचा कामचुकारपणा आहे असं मला वाटतं.

आपण वापरतो तो शब्दच बघा. घटस्फोट. धर्मशास्त्रात हा शब्द नवरा-बायकोच्या विभक्त होण्यासाठी नव्हता. पतित ठरलेल्याला नात्याबाहेर टाकण्याचा तो विधी होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचं वर्णन आहे. वाईट दिवस बघून, संध्याकाळी, गावाबाहेर नातेवाईक जमायचे. जिवंत माणसाला मेलेला धरून त्याच्या नावाने पाणी द्यायचे. दासीने पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडायचा आणि भाऊबंदांनी एक दिवस-रात्र सुतक पाळायचं. कोर्टाच्या कागदावर हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ बदलला. पण माणसांच्या वागण्यात जुना अर्थ अजून शिल्लक आहे. घट फुटतो तो बहुतेक वेळा एकाच बाजूच्या दारात, आणि बहुतेक वेळा ती बाजू बाईची असते. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला बोलावणं येत नाही. भाचीच्या लग्नात ओटी भरायला कुणी पुढे ये म्हणत नाही. कुणी तोंडावर काही बोलत नाही, फक्त घडा लवंडलेला असतो.

त्याच अध्यायात पुढचा भाग आहे आणि तो आपण सोयीस्करपणे विसरलो. प्रायश्चित्त झाल्यावर त्या माणसाला परत घ्यायचा विधीही सांगितला आहे. नातेवाइकांनी त्याच्याबरोबर पवित्र जलाशयात स्नान करायचं आणि पाण्याने भरलेला नवा घडा त्यात सोडायचा. मला त्या जुन्या व्यवस्थेचं प्रेम नाही. कोण पतित हे ठरवण्याचे अधिकार कुणाच्या हातात होते ते आपल्याला माहीत आहे. तरी तिलाही परतीचा घडा ठेवावासा वाटला. आपल्याकडे फोडायचा घडा राहिला आणि परतीचा गेला.

मराठीत यापेक्षा साधे शब्द होते. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत. काडीमोड म्हणजे पंचांसमोर, चार माणसांच्या डोळ्यांदेखत काडी मोडायची, की संपलं. फारकत हा शब्द फारखतीवरून, म्हणजे देणंघेणं संपल्याच्या लेखी कागदावरून आलेला. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत काडीमोड झालेल्या बाईचा पाट लागायचा, कुठे त्याला मोहतूर म्हणायचे. हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला तेव्हा त्याच्या कलम २९ने रूढीने चालत आलेली ही काडीमोड कायम ठेवली. म्हणजे 'आपल्यात असलं काही नव्हतंच' हे जे आज बैठकीच्या खोलीत सांगितलं जातं ते खरं नाही. वरच्या जातींचं अनुकरण करता करता अनेक घरांनी आपलीच जुनी मोकळीक लाजेखातर टाकून दिली. ती मोकळीक पुरी नव्हती हेही कबूल करायला हवं. पंच पुरुषच असायचे, दंड घ्यायचे, आणि पाटाच्या बायकोला पहिलीचा मान नसायचा. पण शेवटाला साक्षीदार असायचे, आणि आजच्या दुपारी दोनच्या टेम्पोला ते नाहीत.

साक्षीदार नसले की काय होतं ते २०११च्या जनगणनेत दिसतं. देशात घटस्फोटित म्हणून नोंदवलेली माणसं सुमारे १३ लाख ६० हजार. आणि विभक्त, म्हणजे लग्न कागदावर आहे पण एकत्र राहत नाहीत अशी, सुमारे ३५ लाख. जवळपास अडीचपट. दोन्हींत बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत. पुरुषाचं दुसरं लग्न लवकर होतं, बाई त्याच रकान्यात राहते. या ३५ लाखांची काडी मोडलेलीही नाही आणि जुळलेलीही नाही. माहेरच्या मधल्या खोलीत एक कॉट, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि 'बघू, दिवाळीनंतर बोलू' हे वाक्य. दरवर्षी दिवाळी येते.

कायद्याने आपल्या परीने वाट काढून दिली आहे. १९७६च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात कलम १३ ब आलं, परस्परसंमतीने वेगळं होण्याचं. वर्षभर वेगळे राहत असाल, एकत्र नांदणं शक्य नसेल आणि दोघांची संमती असेल तर अर्ज करायचा. त्यानंतर सहा महिने थांबून, अठरा महिन्यांच्या आत पुन्हा येऊन सांगायचं की विचार बदललेला नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या खटल्यात सांगितलं की हे सहा महिने प्रत्येक वेळी बंधनकारक नाहीत, परिस्थिती बघून न्यायाधीश ते माफ करू शकतात. २०२३च्या मे महिन्यात घटनापीठ आणखी पुढे गेलं. संसार सावरण्यापलीकडे मोडला असेल तर राज्यघटनेच्या कलम १४२खालच्या अधिकारात सर्वोच्च न्यायालय तो थेट संपवू शकतं, असा निकाल आला.

मारहाण, छळ, धमक्या असतील तिथे एक दिवससुद्धा थांबायला लावू नये. पण एरवी, आणि इथे माझ्या वयाच्या बऱ्याच मैत्रिणींशी माझं पटत नाही, हे सहा महिने मला वाईट वाटत नाहीत. ते ज्यासाठी वापरले जातात ते वाईट वाटतं. बहिणीच्या त्या सहा महिन्यांत चार बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीत नवा काका, नवा मामा, आणि तेच बोलणं: थोडं तू घे, थोडं तो घेईल. एका समुपदेशनाला मी तिच्याबरोबर बाहेर बसले होते. आत पाऊण तास 'जुळवून घेता येईल का' यावर गेला. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "ताई, माझं मशीन कधी मिळेल हे कुणाला विचारायचं?" हा प्रश्न विचारायला त्या पाऊण तासात जागा नव्हती. तोच वेळ सामानाची यादी करायला, सह्या घ्यायला, मूल असेल तर कुणाच्या सुट्ट्या कुठे हे ठरवायला दिला असता तर तो दशक्रियेच्या दहा दिवसांसारखा उपयोगी पडला असता. दर दिवशी काहीतरी एक हातावेगळं झालं असतं.

कारण सोडणं ही मोठी कागदोपत्री गोष्ट आहे. महाराष्ट्रात अजूनही पुष्कळ घरांत लग्नात मुलीचं नावच बदलतात, ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात. मग बँक, आधार, पॅन सगळीकडे ते नाव. परत यायचं तर प्रत्येक ठिकाणी नव्याने अर्ज. माहेरच्या रेशनकार्डात नाव चढवायचं तर सासरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला आणा, आणि तो आणायला ज्या दारात पाऊल टाकायची इच्छा नाही त्याच दारात जा. 'मनातून काढून टाक' असं सांगणाऱ्यांनी एकदा या खिडक्यांसमोर उभं राहून बघावं. दर खिडकीत तिला पुन्हा सांगावं लागतं.

आणि मग दुसरं लग्न. आमच्याकडच्या वधू-वर सूचक मंडळांच्या जाहिरातींत दोन शब्द जोडीने येतात: 'निर्दोष घटस्फोटित'. मी ते वर्षानुवर्षं वाचत आले, पण बहिणीचा फॉर्म भरायला बसले तेव्हा पहिल्यांदा पेन थांबलं. निर्दोष म्हणजे काय? दोष कुणाचा ते कुणी ठरवायचं? कलम १३ ब आल्याला पन्नास वर्षं होत आली. त्या कलमाखाली न्यायाधीश कोण चुकलं हे विचारत नाहीत. कायद्याने जो प्रश्न विचारणं सोडलं तो आपल्या फॉर्मात अजून छापलेला आहे. आणि त्या शब्दाची गंमत नाही, शिक्षा आहे: स्वतःला निर्दोष म्हणवायचं तर समोरच्याला दोषी ठरवावंच लागतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येक स्थळासमोर जुनी भांडणं पुन्हा काढायची, आधीच्या नवऱ्याचं वाईट सांगायचं, ते पटेल असं सांगायचं. जे विसर म्हणून आपण मागे लागलो तेच पाठ करून घेतो. मंडळांनी हा शब्द काढून टाकावा. 'घटस्फोटित' एवढं पुरे आहे. एका ओळीचं काम आहे, त्याला ना कायदा लागतो ना निधी.

पुरुषांचं वेगळं, पण बरं नाही. त्याला सांगितलं जातं, 'अरे सोड, अशा छप्पन्न मिळतील.' सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्ट संपल्यावर घरी न जाता चहाच्या टपरीवर तासभर बसून राहणारी माणसं मी पाहिली आहेत, शेजारची आहेत. त्यांना कुणी विचारत नाही की जेवलास का. मोठ्याने रडायची परवानगी नाही, म्हणून चिडायची घेतात. लग्नाआधीच्या नात्यांत तर हे जास्त धोक्याचं होतं. कॉलेज रोडवरची दोन वर्षांची ओळख तुटली तर घरी सांगायची सोय नसते, कारण ओळखच सांगितलेली नसते. मुलगी नाही म्हणाली म्हणजे अपमान झाला असं मानणारा मुलगा मग तिच्या क्लासच्या बाहेर उभा राहतो, नंबर बदलून फोन करतो, जुने फोटो दाखवीन म्हणतो. पाठलाग हा गुन्हा आहे हे २०१३ पासून कायद्यात आहे. पण त्याला 'ती गेली, तुला वाईट वाटतंय, आमच्यापाशी बस' असं घरातल्या कुणी म्हटलं असतं तर काही पावलं आधीच थांबली असती असं मला मनापासून वाटतं. यात त्याची सूट नाही. दुसऱ्याला जाऊ देणं हे त्याचं कर्तव्यच आहे. ते शिकवणं आपलं होतं.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप हमखास येतो. शेवटाला एवढा मान दिला, पिठलं-भाकरी नेली, हळदी-कुंकवाला बोलावलं तर संसार पटापट मोडतील. मी हे गेली काही वर्षं ऐकते आहे आणि मला ते खरं वाटत नाही. दशक्रिया नीट केली म्हणून कुणी मरायला उत्सुक होत नाही. ज्यांना वेगळं व्हायचं नव्हतं त्यांनी आमच्या एका आमंत्रणासाठी संसार मोडला, असं एक घर मला कुणी दाखवावं.

दुसरा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो, आणि तो सहसा घेतलाच जात नाही. 'पुढे जा' हा सल्ला कोण कुणाला देतं ते बघायला हवं. पुष्कळदा ज्याच्याकडून येणं आहे तोच हा सल्ला देतो. पोटगी थकलेली, स्त्रीधन कपाटात अडकलेलं, आणि निरोप येतो की किती दिवस तेच धरून बसणार. स्त्रीधन तिचंच, ते अडकवून ठेवणं हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची आणि दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, हे २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात आलं. हक्काचं मागणाऱ्या बाईला 'तिला सोडवत नाही' असं म्हणणं हा अन्याय आहे. फारखत शब्दातच आहे की हिशेब आधी. मुलांचं तर सोडायचंच नसतं. नवरा-बायको संपतात, आई-बाप संपत नाहीत.

म्हणून मावशीची म्हण मला त्या दुपारी टोचली. ती प्रेमाने बोलली होती, हे मला ठाऊक आहे. तिलाही कुणी काही विचारलं नव्हतं. जावयाला तीही सहा वर्षं 'अहो जावईबापू' करत होती, त्याच्यासाठी पुरणपोळ्या लाटत होती. तिचंही काहीतरी तुटलं होतं आणि त्याला तर नावच नाही.

पुढच्या आठवड्यात मावशी म्हणाली, ती सगळी भांडी मोडीत घालून टाक. भांडी बाजारात वजनावर घेतात, मोडीचा भाव बरा आहे, स्टीलचं नवं घे. बहिणीने बाकीची दिली. एक पितळी पातेलं ठेवलं. मामाने दिलेलं, काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं: चि. सौ. कां., पुढे तिचं नाव, सप्रेम भेट, लग्नाची तारीख. ते तिचं जन्मनाव होतं. सासरी ते बदललं, आणि त्या सहा वर्षांत त्या घरात ते फक्त भांड्यांवर राहिलं होतं.

पातेल्याला कल्हई करून घ्यायची म्हणून आम्ही दोघी भांडी बाजारात गेलो. कल्हई होईपर्यंत ती शेजारी नावं घालणाऱ्या काकांकडे गेली आणि जुनी अक्षरं काढता येतील का विचारलं. त्यांनी पातेलं उजेडात धरून अंगठा फिरवला.

"घासून जातील. पण तेवढीच जागा चकाकत राहील. उलट लक्ष तिथेच जाईल."

"मग खाली अजून एक ओळ बसेल?"

"बसेल की. काय लावू, सौ. का कु.?"

"काही नको काका. नुसतं नाव."

त्यांनी मान हलवली, मशीनचं बटण दाबलं, आणि तारीख विचारली. तिने त्या दिवशीची सांगितली.